दोन टर्मिनलांमधली सोबत

दार बंद झालं. म्हणजे आपटलंबिपटलं नाही, एसटीचं दार कंडक्टर ओढतो आणि खाडकन् आवाज होतो तसं काहीच नाही. दोन काचा दोन बाजूंनी अशा मऊ सरकत आल्या, मधे एकमेकींना चिकटल्या, आणि मावशी आत राहिली, रत्नप्रभा बाहेर. काचेमागं मावशीचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, पण आवाज म्हणून आला नाही. हिरवं लुगडं, हनुवटीवरचं गोंदण, छातीशी धरलेली रेक्झिनची पिशवी, आणि उजवा हात अजून तसाच पुढं आलेला, बोटं अर्धी मिटलेली आणि त्या बोटांत काहीच नाही. मग ते सगळंच डावीकडं सरकायला लागलं. छोटीशी गाडी ती, सिंगापूरच्या विमानतळावर एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर माणसं नेऊन सोडणारी. रत्नप्रभा पळाली तिच्या पुढच्या तोंडाकडं, ड्रायव्हरला हाक मारायला, कारण जन्मभर तेच केलेलं ना, जीपच्या बॉनेटवर थाप मारायची आणि ओरडायचं, ओ दादा, थांबा, माणूस ऱ्हायलंय! आणि पुढं बघते तर ड्रायव्हरच नाही. नुसती काच, काचेमागं रिकामी जागा, आणि ती रिकामी जागा आपली आपण निघून गेली. तिचा हात थाप मारायला वर गेलेला, तो वरच राहिला.

घाबरायचं कशाला, असं तिनं स्वतःला लगेच सांगितलं, आणि सांगता सांगता पळायला पण लागली. गाडी जाणार कुठं? इथून तिथं, तिथून इथं. आणि मावशीचं पर्थचं विमान तिथूनच तर आहे, पहिल्या टर्मिनलवरून, जिथं दोघी सकाळी मुंबईहून उतरल्या. म्हणजे मावशी बरोबरच चाललीय. उलट ती इकडं आली हेच चुकलं होतं, आता आपोआप दुरुस्त झालं. छान झालं. पण तिला तिथं उतर म्हणून सांगणार कोण? ती मावशी आपली आपण उतरणाऱ्यातली नव्हतीच. गाडी थांबली, माणसं उतरली, तरी कोणी दंडाला धरून ‘उतर गो’ म्हटल्याशिवाय ती हलायची नाही, हे रत्नप्रभाला एका प्रवासात पक्कं कळलेलं. म्हणजे मावशी इथून तिथं, तिथून इथं, पिशवी छातीशी धरून, दिवसभर. पायाखाली जाड गालिचा होता आणि पळताना पावलांचा आवाजच होत नव्हता. त्यामुळं आपण पळतोय की नाही हेच कळेना. सरकता पट्टा आला, त्यावर पाय टाकला तर जीव पुढं आणि पोट मागं असं काहीतरी झालं. काचेपलीकडं विमानांची नाकं ओळीनं, गोठ्यात गुरं बांधल्यासारखी. वर बोर्डावर ऑकलंड, आणि ऑकलंडपुढं लाल अक्षरं उघडझाप करतायत. शेवटची हाक.

ऑकलंडला पोचायलाच हवं होतं. तिथल्या हॉस्पिटलात बाहेरच्या नर्सांसाठी ट्रेनिंग होतं, ते केलं की तिथली नोंदणी आणि नोकरी, आणि ते सुरू होणार होतं दुसऱ्या दिवशी सकाळी. फोनवरच्या बाईनं साफ सांगितलेलं, पहिल्या दिवशी जी हजर नसेल तिची जागा दुसरीला. इंग्रजीची परीक्षा दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा सुटलेली. कल्याणच्या हॉस्पिटलात रात्रपाळी करायची, सकाळी मुरबाडची जीप पकडायची, मुरबाडहून धसईची, आणि जीपमधे दोन माणसांच्या मधे चेंगरून, डोळे मिटून इंग्रजी वाक्यं पुटपुटायची. शेजारची बाई एकदा म्हणाली होती, “पोरगी मंतर म्हनतेय का काय?” एवढं सगळं करून आता एक गेट. ते पण अजून दिसत नव्हतं.

आणि हे सगळं झालं बापामुळं. पांडू, म्हणजे तिचा बाप, मुरबाडच्या कारखान्यात सुपरवायझर, चार माणसांत बोलणारा, पण मुंबईच्या विमानतळावर त्याचा चेहरा असा झाला की जणू पोरीला विहिरीत सोडतोय. आमच्याकडं बाईमाणूस एकटं जात नाही कुठं. म्हणजे बंदी आहे असं नाही, पण सोबत देतात. धसईहून कल्याणला कोणी निघालं की स्टँडवर नजर टाकायची, तिकडंच जाणारं कोणी दिसलं की त्याच्या हवाली करायचं, ‘हिला बघा जरा’, झालं. ओळख असलीच पाहिजे असं नाही. तर पांडूनं तेच केलं. रांगेत पुढं हिरव्या लुगड्यातली म्हातारी, बाजूला तिला पोचवायला आलेला पुतण्या. पांडू सरळ गेला.

“मावशी, कुठं, सिंगापूर का?”

“आता सिंगापूर का काय ते. म्होरं लेकाकडं. वेल्डर हाय तो, पर्थला.”

“गाव कुठलं?”

“डोळखांब.”

“अगं आई!” पांडू एवढ्या जोरात म्हणाला की रांगेतल्या दोन सुटातल्या माणसांनी वळून बघितलं. “डोळखांब म्हंजे शहापूरचं! आमी धसईचे. डोंगर चढला-उतरला की तुमी! ही माजी पोरगी, रत्नप्रभा. हिला सोबत घ्या, मावशी.”

“घेतली,” मावशी म्हणाली आणि तिथंच तिनं रत्नप्रभाचा हात मनगटाशी धरला. असा धरला की रत्नप्रभाला हसूच आलं. बापाला वाटतंय पोरीला सोबत मिळाली, पुतण्याला वाटतंय म्हातारीला मिळाली, आणि दोघं एकमेकांना नमस्कार करून मोकळे. जाताना मात्र पांडू कानाशी आला आणि हळूच म्हणाला, “नाव-गाव पुरे. बाकीचं इचारू नको.”

बाकीचं म्हणजे आडनाव. हे त्यानं सांगायची गरज नव्हती, लहानपणापासून घरात तो नियमच होता. वाटेत आडनाव विचारायचं नाही, आपण विचारलं की ते पण विचारतात. तो नियम रत्नप्रभाला का पटला होता, ते पळता पळता आत्ता तिच्या पायात आलं, पोटरीतच आलं म्हणा. दुसरीत होती. जीप गच्च भरलेली, आई मागं उभी, आणि एका बाईनं तिला मांडीवर घेतलं. मऊ, गरम, पावडरीचा वास येणारी मांडी. चिक्कीचा तुकडा दिला, गालाला हात लावला, नाव काय गो तुझं? आणि हिनं शाळेत हजेरीला सांगतात तसं, छाती पुढं काढून, पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट. बाई रागावली नाही, उतर म्हणाली नाही. फक्त मांडी बदलली. तीच मांडी, पण लाकडाची. तोंडातली चिक्की गिळायची की थुंकायची हे कळेना, आणि मुरबाड येईपर्यंत ती त्या लाकडावर बसून राहिली. घरी तिनं कोणालाच सांगितलं नाही. सांगणार काय? मांडी कडक झाली म्हणून?

म्हणून विमानात मावशीनं जेव्हा विचारलं, “कुनाची गो तू?” तेव्हा तिच्या मांड्या आधी आवळल्या आणि मग तोंडातून आलं, “धसईच्या पांडूची.” मावशी “हां” म्हणाली. बस, हां. पुढं काही विचारलंच नाही. कळलं म्हणून, की कळलंच नाही म्हणून, की तिच्याही घरी तसलाच काही नियम म्हणून? हे कोडं रत्नप्रभा पूर्ण प्रवासभर चघळत बसली. तिनंही नाही विचारलं. मग मावशीनं पिशवीतून फडकं काढलं, नाचणीची भाकरी, वर सुक्या बोंबलाची चटणी, आणि अख्ख्या विमानात असा वास सुटला की पुढच्या सीटवरच्या माणसानं वरचं वारं आपल्या तोंडावर फिरवून घेतलं. मावशीनं भाकरी मोडली. मोठा तुकडा हिच्या हातात. “खा. ते पावाचं मिळमिळीत काय खातंस.” हिनं खाल्ला. तिखट होता. मावशी बघत होती ती खाताना, आणि हिला वाटत होतं, ही माझं खाणं बघतेय की मला बघतेय? थोड्या वेळानं म्हातारीचं डोकं हिच्या खांद्यावर कलंडलं. खोबरेल तेल, धुराचा जुना वास. खांदा आखडला तरी हिनं हलवला नाही. झोपेत सुद्धा मनगट सुटलं नव्हतं.

पट्टा संपला, ती ठेचकाळली. एक गणवेशातली बाई हसून काहीतरी म्हणाली, बहुतेक सावकाश जा. सावकाश! आख्ख्या मुरबाड तालुक्यानं तिला आजवर तेच तर ऐकवलेलं. बारावीच्या पेपरला निघालेली, आणि हनुमान ड्रायव्हरनं जीप भर रस्त्यात उभी केली, का, तर भीमाबाई छत्री विसरली म्हणून घरी परत गेलीय. रत्नप्रभा रडकुंडीला आली. “हनुमानदादा, माजा पेपर हाय रे!” तर हनुमान बिडी शिलगावत म्हणाला, “पेपर काय पळून जातोय? म्हातारीला टाकून जाऊ का?” आणि जीपमधली सगळी माणसं, ज्यांना स्वतःलाही उशीर होत होता ती सगळी, मान डोलवत बसली. ती वर्गात शिरली तेव्हा बाकीच्या पोरी पान उलटत होत्या. त्या दिवशी तिनं ठरवलेलं की मी अशा ठिकाणी जाईन जिथं गाडी कोणासाठी थांबत नाही. टायमावर सुटते म्हणजे सुटते. तर घ्या, मिळालं ते ठिकाण. इथल्या गाडीला तर शिलगवायला बिडी पण नव्हती.

खरं म्हणजे सकाळी उतरल्या उतरल्याच सगळं नीट झालं असतं. विमानाच्या दारात एक माणूस चाकाची खुर्ची घेऊन मावशीसाठी उभा होता, लेकानं पर्थहून सांगून ठेवलेली. मावशी त्या खुर्चीकडं अशी बघायला लागली की जणू तिरडीच आणलीय. “मला काय झालंय? मी काय लुळी हाय? पोरगी हाय ना सोबत.” रत्नप्रभानं इंग्रजीत त्याला सांगितलं, शी इज विथ मी. वाक्य एकदम बरोबर, व्याकरणासकट, तिला तेवढ्यात अभिमान पण वाटून गेला. तो माणूस खुर्ची फिरवून निघून गेला. आणि मग मावशीच्या गुडघ्यांनी ते भलंमोठं विमानतळ चालायचं. मावशी दर दोन दुकानांमागं टेकायची, कमरेला हात लावून काचेतल्या बाटल्या बघायची, “येवडी औषदं कोन पितो गो?” आणि रत्नप्रभाचं घड्याळ आतल्या आत उकळत होतं. गाडीच्या फलाटावर पोचल्यावर तिनं मावशीचा बोर्डिंग पास बघितला आणि तेव्हा कळलं, मावशीला कुठं जायचंच नाही, तिचं गेट इथंच मागं आहे, विमान अजून खूप वेळानं आहे.

“मावशी, तुमी हितंच बसा. माजं विमान तिकडं हाय, मला पळायला पायजे.”

“मी पन येतंय.”

“अहो तुमचं हितनंच हाय!”

“असूं दे. तुज्या बापानं तुला माज्या हातात दिलीय. तुला तुज्या इमानाच्या गाडीत बसवतंय, मंग मी येतंय म्हागारी.”

म्हणजे! रात्रभर तिला वाटत होतं ही म्हातारी मी सांभाळतेय, आणि म्हातारीला वाटत होतं ही पोर मी सांभाळतेय. वाद घालायला वेळ नव्हता, गाडी आली, मावशी तिला धरूनच आत शिरली. आणि इकडं दार उघडलं तेव्हा मावशी बसलेली, उठायला तिला खांब धरावा लागला, एक हात खांबाला, एक हात मनगटाला, आणि दाराचा तो टुंग टुंग आवाज सुरू झाला, आणि मग तो हात सुटला.

सुटला. आत्तापर्यंत ती मनात असंच म्हणत आली होती, सुटला. पण नर्सला हात असा सुटत नसतो. वॉर्डात पेशंट धरून ठेवतात, बाळंतिणी धरतात, म्हातारे धरतात, आणि पहिल्याच वर्षी सिस्टरनं शिकवलेलं, हिसका मारायचा नाही, पेशंटला लागतं. आपलं मनगट त्यांच्या अंगठ्याच्या बाजूला वळवायचं, अंगठा हा सगळ्यात कच्चा, तिथून पकड उघडते. तिनं मनगट वळवलं होतं. अगदी हळू. मावशीला मुळीच लागलं नसणार. दार मिटण्याच्या आधी, पुरेसं आधी. इतक्या नीट, इतक्या सफाईनं, की मावशीला वाटलं असेल आपल्याच म्हाताऱ्या बोटांची चूक. रत्नप्रभाचे पाय पळतच होते. परत फिरावं? ती थांबली. खरंच थांबली, पट्ट्याच्या कडेला, माणसं दोन्ही अंगांनी वाहून जातायत. मागं गेलं तर जागा गेली, मग पुन्हा कल्याण, पुन्हा रात्रपाळी, पुन्हा दोन माणसांच्या मधे पुटपुटणं. पुढं गेलं तर ती मावशी. पायांनीच ठरवलं. पुढं.

गेटवर कोणीच नव्हतं. खुर्च्या रिकाम्या, बोगद्याचं दार उघडं, आणि टेबलामागं निळ्या कपड्यातली एकटी बाई, हात पुढं करून. पळा, पळा, असं तिचा हात म्हणत होता. रत्नप्रभानं पास दिला, आणि देता देता बोलायलाच लागली, धापा टाकत, परीक्षेत कधी सुचलं नव्हतं एवढं इंग्रजी. ती गाडी, त्यात एक म्हातारी, गुडघे दुखतात, भाषा येत नाही, कोणीतरी तिला पहिल्या टर्मिनलवर उतरवा, पर्थ, पर्थचं विमान. बाईनं कमरेचा वॉकीटॉकी काढला. चेहरा चांगला होता तिचा.

“नाव काय त्यांचं?”

रत्नप्रभाला बाकी सगळं माहीत होतं. हनुवटीवर तीन ठिपके आहेत. खोबरेल लावते. लेक वेल्डर आहे. बोंबलाची चटणी एवढी तिखट करते की डोळ्यांतून पाणी येतं. “मावशी,” ती म्हणाली.

“मावशी हे नाव?”

“नाही. नाव नाही माहीत.”

बाईनं तिच्याकडं बघितलं, मग पासाकडं, मग घड्याळाकडं. “तुम्ही दोघी सोबत आहात का? सोबत असाल तर तुम्हाला इथं थांबावं लागेल, ओळख पटवायला.”

बोगद्याच्या तोंडाशी उभ्या माणसानं हात वर केला, म्हणजे आता बंद करतो.

“नो,” रत्नप्रभा म्हणाली.

स्पष्ट. एका झटक्यात. बाईनं मान हलवली, पास मशिनीत घातला, वॉकीटॉकीत म्हातारीचं वर्णन सांगितलं. आणि रत्नप्रभा दोन पावलं पुढं गेली असेल नसेल, तर मागं तो डबा खरखरला. कोणीतरी पुरुष बोलत होता, वैतागलेला. बाईनं ऐकलं, आणि तिच्या भुवया वर गेल्या.

“सापडल्या. पण त्या गाडीतून उतरत नाहीयेत. एक भारतीय प्रवासी त्यांचं बोलणं इंग्रजीत सांगतोय, त्यांची मुलगी हरवलीय म्हणे. ती तिच्या विमानात बसली हे कळल्याशिवाय हलणार नाही म्हणतात. सगळी गाडी अडकवून ठेवलीय.” आणि मग, डबा कानाशी नेऊन, “मुलीचं नाव रत्ना का काहीतरी.”

अडकवून ठेवलीय! ड्रायव्हर नसलेली गाडी! दारात पिशवी ठेवली असणार, दुसरं काय. रत्नप्रभाला हसू फुटलं की रडू ते तिचं तिलाच कळलं नाही, घशातून कुत्र्यासारखा काहीतरी आवाज आला. बाईनं वॉकीटॉकी तिच्यापुढं धरला, हे बटण दाबून बोला, पटकन.

“मावशी.”

खरखर. मग एवढा मोठा आवाज, की बोगद्याजवळचा माणूस दचकला. “रत्ने! कुटं मेलीस गो? हात सोडून कुटं गेलीस? बापाला तुज्या काय तोंड दावू मी?”

“मावशी, मी गेटावर हाय.”

“गेटावर काय करतंस? गाडीत बस ना!”

“बसतेच हाय. तुमी उतरा. तुमचं विमान तिथंच हाय, त्या माणसाबरोबर जा.”

“तू बसलीस का ते सांग आदी.”

निळी बाई टेबलावर बोटं वाजवत होती. “नाव,” ती म्हणाली, “त्यांचं पूर्ण नाव विचारा, म्हणजे पर्थच्या गेटवर कळवता येईल, कोणीतरी नेऊन बसवेल. नुसत्या मावशीला कुठं शोधायचं?”

रत्नप्रभानं बटण दाबलं. “मावशी, तुमचं पुरं नाव सांगा.”

पलीकडं एकदम काहीच नाही. खरखर सुद्धा नाही. ती गप्प बसण्याची जात रत्नप्रभाला ओळखू आली. ती आतून ओळखीची होती, घरचीच होती. मावशी रात्रभर ‘हां’ म्हणून थांबली होती ती का, ते आत्ता, इथं, या गालिच्यावर तिला कळलं. तिनं पुन्हा बटण दाबलं. मांड्या आवळलेल्या. आणि हजेरीला सांगतात तसं, मोठ्यानं, एका दमात सांगून टाकलं.

“मावशी, मी रत्नप्रभा पांडू भालेराव. आता तुमचं सांगा.”

बोगद्याजवळचा माणूस घड्याळ दाखवत होता. कुठंतरी टुंग टुंग वाजत होतं, इथं की वॉकीटॉकीत, कोण जाणे.

“बाईजा,” आवाज आला. यावेळी हळू. “बाईजा जैतू मेंगाळ. लिव. आनि बस आता, भालेरावाच्या पोरी, माज्यापायी गाडी नको सोडूस. मी उतरतंय.”

रत्नप्रभानं ते नाव इंग्रजी अक्षरं एकेक करून सांगितलं, बाईनं एकेक करून लिहून घेतलं, पर्थच्या गेटला कळवलं. मग पेन टोपणात घालता घालता तिनं वर बघितलं.

“मघाशी तुम्ही नाही म्हणालात. मग? सोबत?”

“यस,” रत्नप्रभा म्हणाली, आणि एकटीच आत गेली.